मशाल धरा, नाच सुरू होतोय

मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर उभे आहात ना? मग पायांखाली लक्ष ठेवा. आधी डांबर भुसभुशीत होईल, मग चिखल लागेल, आणि कंडक्टरची आरोळी कानात असतानाच तुम्ही गुडघाभर पाण्यात असाल. घाबरू नका. हे धर्मांबुधी तळं. आज बेंगळुरूच्या बसगाड्या जिथे वळतात तिथे तेव्हा म्हशी डुंबायच्या. घागरी भरायला आलेल्या बायका तुमच्या पॅंटकडे बघून तोंडाला पदर लावताहेत. पॅंट वर दुमडा आणि काठावर या.

हवा गार आहे. समोर मातीचा तट आणि सोंडेकोप्पाची वेस. वेशीतून आत शिरलात की सरळ चिक्कपेट. रस्ता अरुंद, दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की गाडीवानांची जुंपलीच म्हणून समजा. अरळेपेटेतून कापसाचे तंतू उडत येतात आणि घामेजल्या मानेला चिकटतात. तरगुपेटेकडून धान्याचा धुरळा, बळेपेटेकडून बांगड्यांची किणकिण, आणि सगळ्यावर शेणाच्या गोवऱ्यांचा धूर. कन्नड, तेलुगू, दखनी आणि मधूनच आपली मराठी कानावर पडते. मराठी बोलणारा तो घोड्याला पाणी पाजणारा शिलेदार आहे. नाचणीचा गोळा, ज्याला इथे मुद्दे म्हणतात, आपल्याला अजून जमत नाही, अशी त्याची तक्रार चाललीय. कुणी हटकलंच तर सांगा, शहाजीराजांकडे आलोय.

कारण हे शहर आता त्यांचं आहे. 1638 पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत. चिक्कपेटेतल्या गौरी महालात त्यांचा मुक्काम असे, असं इथली परंपरा सांगते. तिकडेच वळा. आत सदरेवर दाटी आहे. उदबत्ती, अत्तर, पानाचा विडा आणि माणसांच्या अंगाचा वास एकमेकांत मिसळलाय. एक कवी पुढे येतो आणि राजांसमोर नारळ मांडू लागतो. एक, दोन, तीन... तुम्ही मोजता मोजता बारा होतात. हा जयराम पिंड्ये. मला बारा भाषांत कविता करता येते, हे तो अशा रीतीने सांगतोय. मग रात्रभर समस्यापूर्ती चालते. एक जण ओळ टाकतो, दुसरा ती पुरी करतो. संस्कृत संपली की मराठी, मराठीनंतर दुसरी कुठली. याच जयरामाने राधामाधवविलासचंपू लिहिला आणि इतिहासकार राजवाड्यांनी तो 1922 मध्ये छापून आपल्या हाती दिला. त्या सदरेवर एक गोष्ट पक्की कळते. या घराण्याला आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत रमायला जड जात नाही. ही सवय पुढे नाचात उतरणार आहे, म्हणून तेवढी लक्षात असू द्या.

इथे असतानाच एक मोठी उडी मारून यायची का? वर्ष 1653, गाव पॅरिस. थंडीने दात वाजताहेत, आणि राजवाड्याजवळच्या पेती-बूर्बाँच्या दालनात मेणबत्त्यांचा धूर छताला टेकलाय. रात्रभर एकामागून एक सोंगं नाचून गेली. शेवटी चौदा वर्षांचा राजा येतो, चौदावा लुई. डोक्यावर सूर्याची किरणं, मनगटाला किरणं, गुडघ्याला किरणं, बुटांवरसुद्धा किरणं. तो उगवता सूर्य झालाय, आणि दरबारी त्याच्यासमोर पाय बाहेरच्या बाजूला वळवून, पोटऱ्या दिसतील असे उभे राहतात. रेशमी मोज्यातली पोटरी दाखवणं हा त्या दरबारातला शिष्टाचार होता. तलवारबाजीतली ती उभं राहण्याची तऱ्हा, राजासमोर वाकण्याची ती पद्धत, सगळं नाचात गेलं. इटलीतल्या नृत्यगुरूंकडून हे वेड फ्रान्समध्ये आलं. फ्लोरेन्सहून सून म्हणून आलेल्या कॅथरीन द मेदिचीच्या दरबारात 1581 मध्ये राणीचा बॅले झाला, तो मध्यरात्र उलटून गेली तरी संपला नव्हता. लुईच्या नृत्यगुरूने, पिएर बोशांने, पायांच्या पाच जागा ठरवून दिल्या. बेंगळुरूतल्या बॅलेच्या क्लासात आज मुली ज्या पाच जागांवर उभ्या राहतात, त्या ह्याच. बायकांचे झगे तेव्हा जमिनीवर लोळत. त्या झग्याखाली पायांनी काय केलं ते कुणालाच दिसत नसे. मारी कामार्गोने झगा घोट्यापर्यंत आखूड केला तो पुढच्या शतकात, आणि तेव्हा तेवढ्यावरून गहजब झाला.

परत या. बाहेर बैलगाडी जुंपलेली आहे. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव एकोजीराजे कावेरीच्या खोऱ्याकडे निघालेत. सामानाच्या गाडीत पडी टाका आणि झोपा. गाडी हेलकावे खात राहील, दीडशे वर्षं निघून जातील. वाटेत डोळा उघडलाच, तर एकोजींचे चिरंजीव शाहजी तेलुगूत पल्लकी सेवा प्रबंधम लिहिताना दिसतील. देवाच्या पालखीच्या सेवेचं ते संगीतनाट्य. बघा आणि पुन्हा कुशीवर वळा.

आता उठा. घाम फुटलाय, आणि तोही सकाळीच. हे तंजावर. बंगळूरची गार हवा विसरा. इथे हवा अंगाला चिकटते. भाताच्या खाचरांचा ओला वास, तिळाच्या तेलाचा वास, आणि देवळाकडे जाणाऱ्या टोपल्यांतून मोगरा आणि दवणा. बृहदीश्वराच्या देवळावरून जाताना भिंतीकडे नजर टाका. मराठीत कोरलेल्या ओळींमागून ओळी आहेत, सगळा भोसले वंशाचा इतिहास. 1803 मध्ये कोरलाय. गादीवर सरफोजीराजे आहेत. या माणसाला पुस्तकांचं वेड, छापखान्याचं वेड, वैद्यकाचं वेड. आणि नाचाचं.

तुम्हाला काम मिळालंय. तुम्ही मशालजी. संध्याकाळी दरबारात नाच आहे. नर्तकीच्या तोंडासमोर उजेड धरायचा, एवढंच. एवढंच म्हणतो, पण आधी तालीम बघून घ्या, नाहीतर रात्री पायात पाय अडकतील.

तालमीच्या जागी फरशी गार आहे. एक मुलगी मांडी मोडून अर्धवट बसल्यासारखी उभी आहे, गुडघे दोन्हीकडे उघडे, पाठ ताठ. समोर नट्टुवनार, म्हणजे नाचाचा गुरू, बसलाय, हातात काठी, पुढ्यात लाकडाचा ठोकळा. काठीचा ठोका पडतो, तोंडाने बोल निघतात, आणि तिची टाच फरशीवर आदळते. पुन्हा. पुन्हा. तोच तुकडा आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. तिच्या पोटऱ्यांवरून घाम घोट्यापर्यंत ओघळतो, पण खांदे हलत नाहीत. हलले की ठोका थांबतो आणि सगळं पहिल्यापासून.

मग गाणं येतं, आणि तुम्ही कान टवकारता. मराठी! ही मुलगी घरी तमिळ बोलते, तिची आई तेलुगू पदं गाते, आणि आता तिला मराठी म्हणायचंय. ळ तिला तुमच्यापेक्षा चांगला येतो. अडतं भ, घ आणि ख पाशी. जीभ तिथे हलकी पडते. कोपऱ्यात बसलेली म्हातारी, बहुधा तिची आजी, डोळे मिटूनच खुणावते. मुलगी थांबते, छातीतून हवा सोडते, पुन्हा म्हणते. या वेळी भ नीट येतो. म्हातारी विड्याला चुना लावायला लागते, म्हणजे जमलं.

ते जे मराठी आहे ते राजांनी स्वतः लिहिलंय. त्याला निरूपण म्हणतात. एकच कथा, एकच राग, एकच ताल, आणि तिच्या अठरा पायऱ्या. जयजयपासून सुरुवात, मग शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, पुढे तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध करत करत शेवटी मंगळ. हे ओळीने नाचायला देह कसा लागतो ते तुम्ही आत्ता पाहिलंत.

आणि हे दुसरं ऐका, कारण असलं काही दुसऱ्या कुठल्या दरबारात मला ठाऊक नाही. कुरवंजी हा इकडचा नाट्यनाचाचा जुना प्रकार. डोंगरातली कुरवंजीण येते, काखेत टोपली, हातात काठी, आणि विरहाने व्याकुळ झालेल्या नायिकेचा हात बघून भविष्य सांगते. सांगता सांगता आपल्या मुलखाचं वर्णन करते, डोंगर, नद्या, सगळं. सरफोजीराजांनी मराठीत देवेंद्र कुरवंजी लिहिली. तिच्यातली कुरवंजीण इंद्राणीकडे येते आणि जगाचा भूगोल गाते! युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, देशांची नावं ताला-सुरात. पॅरिसच्या दरबारात सूर्याला रंगमंचावर यावं लागलं होतं, तोही साक्षात राजाच्या रूपात. इथे पृथ्वीचा गोल टोपलीवाल्या बाईच्या तोंडी दिला. मला ही कल्पना अधिक मोलाची वाटते. राजाने नकाशे वाचले, आणि ते सांगायला स्वतःचं तोंड न वापरता दारोदार हिंडणाऱ्या बाईचं वापरलं.

आता दिवस मावळला. चला, कामाला.

उजव्या हातात दिवटी, डाव्या हातात तेलाचा बुधला. चिंध्या घट्ट गुंडाळल्यात ना? तेल जास्त ओतलंत तर थेंब जळत तुमच्याच मनगटावर येतील. एक आलाच. चटका बसला तरी हात हलवायचा नाही. दरबाराच्या खांबांवरचे रंग ज्वाळेबरोबर हलताहेत. गालिच्यावर बसलेल्यांची कुजबुज, पानदानांची खणखण, गुलाबपाण्याचा शिडकावा, आणि वरून कुणी पंखा हलवला की धूर सरळ तुमच्या डोळ्यांत.

ती येते, आणि ती एकटी येत नाही. तिच्या मागे अख्खा मेळ उभा आहे. हो, उभा. बसायचं कुणीच नाही. मृदंग कमरेला बांधलेला. एक जण बकऱ्याच्या कातड्याची पिशवी काखेत दाबून तिच्यातून सूर भरतोय. नट्टुवनाराच्या हातात झांजा. ती चार पावलं पुढे आली की सगळे चार पावलं पुढे, ती मागे सरली की सगळे मागे. आणि त्या सगळ्यांच्या बरोबर तुम्हीही, तिरके, तिच्या तोंडावर सावली पडू न देता.

इतक्या जवळून तिला फक्त तुम्हीच बघताय, तेव्हा नीट बघा. भांगाच्या एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, लाल खड्यांचे. नाकात तीन दागिने, मधला ओठावर लोंबतो आणि ती हसली की थरथरतो. वेणी पाठीवर सोन्याने जड. लुगड्याखाली रेशमी सुरवार आहे, घोट्याशी घट्ट. त्यावर लुगडं, समोर निऱ्यांचा पंखा. शिवलेला पोशाख असा नाहीच. सगळं नेसलेलं, खोचलेलं, कमरपट्ट्याने आवळलेलं. गुडघे दोन्ही बाजूंना उघडले की निऱ्या पसरतात, मिटले की मिटतात. त्या सुरवारीमुळेच ती इतकं खाली बसू शकते आणि लाज झाकलेली राहते. पायांत चामड्याच्या पट्ट्यांवर ओवलेले घुंगरू. पट्टीच्या खाली घोट्याचं कातडं घट्ट्यांनी काळं पडलंय. दागिन्यांचं वजन, रेशमाचं वजन, दिवटीची धग, आणि मे महिन्याचं तंजावर. तरी तिचा श्वास दिसत नाही. मानेवरची शीर तेवढी उडते.

शब्द सुरू होतो. राजाची स्तुती, आणि कडव्याच्या शेवटी एक शब्द, सलामु. तिचा हात कपाळाकडे जातो, कंबर किंचित वाकते, नजर राजाकडे. हे देवळातलं नाही, हे दरबारातलं आहे. सरदार सकाळी जसा मुजरा करतो, तोच मुजरा तालात बसवलाय. फ्रेंच दरबारातलं वाकणं बॅलेत राहिलं तसा तंजावरचा सलाम नाचात राहिला. भरतनाट्यम देवळातून सरळ रंगमंचावर आलं असं आपण घाईघाईने म्हणतो. देवळाचा त्याच्यावर हक्क आहेच, पण तुमच्या मनगटावरचा चटका दरबाराचा आहे.

मध्यरात्र उलटते. तिल्लाना येतो, तेव्हा पाय इतक्या वेगाने पडतात की तुमची ज्योत त्या वाऱ्याने लवते. मागे उभ्या असलेल्यांत चार भाऊ आहेत, अजून मिसरूड फुटायच्या वयाचा वडिवेलू धरून. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. मुत्तुस्वामी दीक्षितरांचे शिष्य. राजांच्या अठरा पायऱ्यांचा जमाना त्यांनी जवळून पाहिला आणि अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा क्रम बांधून दिला. आज चेन्नईपासून न्यू जर्सीपर्यंत जी कुठली मुलगी अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर प्रयोग, करते, ती बहुतेक याच क्रमाने करते. भावांची नावं आपल्याला पाठ आहेत. जिच्या तोंडावर तुम्ही रात्रभर उजेड धरलात, तिचं नाव मात्र अरंगेत्रमच्या पत्रिकेवर कधी छापलं जात नाही. मला हे फार खुपतं. तो क्रम आधी तिच्यासारख्यांच्या गुडघ्यांनी पेलला, मग कागदावर उतरला.

दिवटी विझवा. एकदा पॅरिसला परत जाऊन येऊ, पण आता 1838 मध्ये. इथे तुमचं काम नाही, कारण थिएटरात गॅसचे दिवे आहेत. लाकडी पाट्यांचा रंगमंच, मखमली खुर्च्या, ओल्या कोटांचा वास. पुद्दुचेरीजवळच्या तिरुवेंदीपुरमहून आलेल्या नर्तकी व्हराइटी थिएटरात नाचताहेत. त्यांतल्या अम्माणीवरून लोकांची नजर हटत नाही. याच शहरात ऑपेरामध्ये तालियोनीबाई पांढऱ्या तलम झग्यात, चवड्यांवर उभ्या राहून, भारतातली देवदासी म्हणून नाचून गेल्यात. त्या बॅलेत देवदासीच्या पायाखाली जमीन जवळजवळ नाहीच. आणि इथे खरी देवदासी आली, ती टाच आपटते तेव्हा पुढच्या रांगेतल्यांच्या खुर्च्यांना हादरा बसतो. तेओफिल गोतिए हा लेखक तिच्यावर लिहितो, बार नावाचा शिल्पकार तिची ब्राँझची मूर्ती करतो. तीनच वर्षांनी गोतिएच्या कथेवर जिझेल हा बॅले उभा राहतो. दोन दरबारांतून निघालेले दोन नाच इथे एकमेकांना समोरासमोर भेटले, आणि ती ओळख पुढेही सुटली नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल आधी आन्ना पाव्हलोव्हाच्या प्रभावाने बॅलेकडे वळल्या आणि मग 1935 मध्ये अड्यारला भरतनाट्यम घेऊन उभ्या राहिल्या. निऱ्यांचा पंखा शिवून घ्यायची रीत त्यांच्याच पिढीत रुजली. आज मुलगी दहा मिनिटांत पोशाख चढवते. त्या सुरवारीवर लुगडं नेसून, खोचून तयार व्हायला किती वेळ लागत असेल याचा अंदाज तुम्हाला आता आलाच असेल.

आता घरी, बेंगळुरूला. रस्ता सोपा आहे. चार भावांपैकी थोरला चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारात गेला. म्हैसूरची नाचाची परंपरा जेट्टी ताय्यम्मांनी आणि त्यांच्या शिष्या वेंकटलक्षम्मांनी विसाव्या शतकापर्यंत आणून पोचवली. याच भावांच्या घराण्यातले पंदनल्लूरचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै, आणि त्यांच्याकडे शिकलेले यू. एस. कृष्णराव आणि चंद्रभागादेवी बेंगळुरूत येऊन राहिले, शिकवत राहिले. एक फाटा बडोद्यालाही गेला. तंजावरच्या राजघराण्यातली मुलगी सयाजीरावांची राणी झाली, तेव्हा तिच्या पाठोपाठ नर्तकी आणि त्यांचे नट्टुवनार गुजरातेत उतरले. निरूपणं मात्र तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांत पडून होती. ती वाचली, बसवली, रंगमंचावर आणली ती मालवणकडून आलेल्या आणि मुंबईत शिकवणाऱ्या आचार्य पार्वतीकुमारांनी. पुण्यात सुचेता भिडे-चापेकरांनी तंजावरच्या या मराठी रचनांचं काम पुढे नेलं.

आणि बेंगळुरूत? इथे मराठी घरं थोडी नाहीत, आणि त्या घरांतल्या मुली भरतनाट्यम शिकतात. अरंगेत्रमला तेलुगू वर्णम असतं, तमिळ पदम असतं, कन्नड देवरनामा असतो. असायलाच हवेत. पण ज्या घराण्याने या शहरातून निघून कावेरीकाठी मराठीत नाच लिहिला, त्याची एक ओळही सहसा नसते. पुढची पत्रिका छापायला टाकण्याआधी गुरूंकडे जा आणि विचारा, एखादं निरूपण बसवाल का? सगळ्या अठरा पायऱ्या नकोत, एक शब्द आणि एक तिल्लाना पुरे. आणि पत्रिकेत चार भावांच्या नावांखाली एवढी ओळ घाला, की हा नाच आधी तंजावरच्या दरबारातल्या नर्तकींनी नाचला. साहित्य छापलेलं आहे, शिकवणारे आहेत. तुमच्या मुलीला भ आणि घ शिकवण्यात वेळही जाणार नाही. मागा, म्हणजे बसवतील.